घरचा माणूस औषधाला ‘नको’ म्हणतो तेव्हा काय करायचं : मेडिकलच्या काउंटरवरून

आमचं मेडिकल इंदूरला मल्हारगंजच्या बाजूला आहे. डी.फार्म. करून लग्न होऊन इथे आले तेव्हापासून म्हणजे १८ वर्षं मी काउंटरवर बसतेय, आणि एवढ्या वर्षांत एक कळलं की माहिती नाही म्हणून औषध सोडलं असं फार थोड्या लोकांचं असतं. बीपी वाईट हे सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखूच्या पुडीवर तर फोटोच छापलेला असतो आणि माणूस तो फोटो बघत बघतच पुडी फाडतो.

तरी घरोघरी तेच चालतं. बाबा ऐकत नाहीत, सासूबाई इन्सुलिनचं नाव काढू देत नाहीत, नवरा तपासणीला चल म्हटलं की चप्पल घालून बाहेर. मग सांगणारा अजून जोरात सांगतो आणि ऐकणारा अजून घट्ट होतो. मी पण हेच केलं, स्वतःच्या सासऱ्यांबरोबर, दोन वर्षं. अण्णांचं बीपी १७०/१०० आणि घरात सून मेडिकलवाली, आणि गोळी घेणार नाही म्हणजे नाही. शेवटी मुलीने बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलं तेव्हा दुपारी गिऱ्हाईक नसताना तिच्या नोट्स चाळायला लागले, आणि लक्षात आलं की आपण करतोय ते जवळपास सगळंच उलटं आहे. त्यातलं जे वापरून बघितलं आणि चाललं ते इथे क्रमाने लिहितेय. डॉक्टरांचा सल्ला म्हणून वाचू नका, गोळी कुठली ते डॉक्टरच ठरवणार, मी फक्त ‘नको’चं ‘बघू’ कसं होतं तेवढं सांगतेय.

पायरी १ : ‘नाही’ कुठून येतंय ते आधी शोधा

काउंटरवर एक भिया (आमच्या इंदुरात भैयाला भिया म्हणतात) यायचे, डॉक्टरांनी महिन्याची शुगरची गोळी लिहिलेली आणि हे म्हणायचे, “मैडम, पाँच गोली दे दो.” दर आठवड्याला पाच. मी मनात ठरवून टाकलं की हा निष्काळजी माणूस आहे. एकदा सहज विचारलं की पूर्ण स्ट्रिप का नाही घेत, तर म्हणाले घरी स्ट्रिप दिसली तर मुलीच्या सासरच्यांना कळेल, लग्न ठरतंय, शुगर खानदानी असते म्हणतात. म्हणजे गोळीबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतंच! अडचण होती ती लोक काय म्हणतील याची.

तर नकार साधारण तीन जागांवरून येतो. एक, माणसाच्या स्वतःच्या मनातलं: गोळीने सवय लागते, इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, जेनेरिक म्हणजे हलकं. दोन, आजूबाजूचे काय म्हणतील. तीन, जमण्यासारखंच नाहीये: पैसे नाहीत, दवाखाना लांब, रांगेत तीन तास उभं राहायचं तर दिवसाची मजुरी जाते. आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलेला सिद्धांत मुलीच्या वहीत होता, त्यात पण साधारण हेच तीन खांब आहेत. ज्याचा नकार तिसऱ्या खांबाचा आहे त्याला पहिल्या खांबाचं लेक्चर देऊन काहीही होत नाही, उलट तो अपमान समजतो, आणि बरोबरच समजतो.

दुसऱ्या खांबाचं वजन आपण फार कमी धरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के आलीय. ऑपरेशन पुरुषाचं जास्त सोपं आहे, टाका नाही, त्याच दिवशी घरी. पण पारावर कोणी काही म्हणेल ना.

विचारायचं कसं? “का नाही घेत?” असं विचारू नका, त्यात आरोप ऐकू येतो. मी विचारते, “ही गोळी घेण्यात सगळ्यात कटकटीचं काय वाटतं?” आणि मग गप्प बसते. गप्प बसणं हेच अवघड आहे, मला तर फारच.

आणि नुसत्या तोंडी ‘हो’वर जाऊ नका. १९३० च्या दशकात लापियर नावाचा एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर तिथे फिरला, तेव्हा चिन्यांबद्दल तिथे भरपूर द्वेष होता, तरी २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याने पत्र पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर लोक नाही म्हणाले. बोलणं एक, करणं एक. आमच्याकडे हे उलट्या बाजूने चालतं, डॉक्टरसमोर “हो हो, रोज घेतो” आणि स्ट्रिप जशीच्या तशी. म्हणून मी बोलणं ऐकते पण स्ट्रिप मोजते.

पायरी २ : घाबरवणं थांबवा, किंवा निदान त्यापुढे रस्ता दाखवा

माझं सगळ्यात आवडतं हत्यार हेच होतं. “अण्णा, अर्धांगवायू झाला तर कोण करणार?” अण्णा पेपर वर करायचे. मग मी अजून भयानक काहीतरी सांगायचे, मग पेपर अजून वर.

लेवेंथल नावाच्या माणसाने १९६५ मध्ये येल विद्यापीठातल्या मुलांवर एक प्रयोग केला. धनुर्वाताची लस घ्या म्हणून माहितीपत्रकं वाटली, काहींना भीतीदायक, काहींना साधी. भीतीवाल्यांची मतं बदलली, लस चांगली आहे म्हणाले, पण प्रत्यक्षात घ्यायला गेले का, तर भीतीने काही फरक पडला नाही. फरक पडला तो ज्यांना आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि तुमच्या वेळापत्रकात कधी जाल ते ठरवा म्हटलं त्यांच्यात: त्यातले २८ टक्के गेले, बाकीच्यांतले ३ टक्के. आणि मजा म्हणजे ती सगळी तिथलीच मुलं, दवाखाना कुठे आहे हे त्यांना माहीतच होतं.

हे वाचून मी दुकानात एक बदल केला. आधी मी म्हणायचे, “दिवसातून एकदा घ्या.” आता विचारते, “सकाळी सगळ्यात आधी काय करता?” कोणी म्हणतं चहा, कोणी देवपूजा, आमच्या इंदुरात निम्मे लोक पोहे म्हणतात. मग मी स्ट्रिपवर मार्करने लिहिते ‘पोह्यांनंतर’. त्या बाईला किंवा भियाला तोंडाने एकदा म्हणायला लावते, “पोह्यांची प्लेट ठेवली की गोळी.” वेडपट वाटतं पण वेळ आणि जागा ठरली की आठवण ठेवायचं काम डोक्याला राहत नाही. (काही गोळ्या उपाशीपोटीच घ्यायच्या असतात, थायरॉइडची वगैरे, तेवढं पर्ची देणाऱ्याला विचारून घ्या.)

पायरी ३ : वाद घालू नका, आकडा विचारा

ही पायरी जरा सविस्तर सांगते कारण आमच्या घरात काम इथेच झालं.

माणसाला कोणी ढकलतंय असं वाटलं की तो मागे रेलतो, मग गोष्ट त्याच्या भल्याची का असेना. आपण म्हणायचं ‘घ्या’, त्याने म्हणायचं ‘नको’, आणि प्रत्येक वेळी नको म्हणताना तो स्वतःच स्वतःला पटवत जातो. मी दोन वर्षं अण्णांकडून रोज एकदा ‘नको’ वदवून घेत होते, म्हणजे त्यांची प्रॅक्टिसच घेत होते की!

विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारू सोडवायच्या कामातून एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोल्निकबरोबर ती वाढवली. त्याचं सार असं की बदलाची कारणं आपण सांगायची नाहीत, समोरच्याच्या तोंडून यायला पाहिजेत. त्यात एक युक्ती आकड्याची आहे. एका रविवारी अण्णा सोप्यावर पाय वर घेऊन बसले होते, मी भाजी निवडत होते, टीव्ही बंद होता (हे महत्त्वाचं).

मी म्हटलं, “अण्णा, बीपीची गोळी सुरू करणं तुम्हाला शून्य ते दहात किती गरजेचं वाटतं? मी काही बोलणार नाही, नुसतं विचारतेय.”

“चार,” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, आता सुरू करेल म्हणून.

इथे पूर्वीची मी विचारणार होते की चारच का, नऊ का नाही. तसं विचारलं की माणूस नकाराची कारणं मोजायला लागतो. उलटं विचारायचं असतं. मी विचारलं, “चार का? एक का नाही?”

अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “एक कसं असेल, दादाला झटका आला तेव्हा मीच होतो ना एम.वाय. हॉस्पिटलला सात दिवस.” चुलत सासऱ्यांची, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची ही गोष्ट आम्ही कोणी काढतच नव्हतो. पुढे ते आपणहूनच बोलत गेले, की जिना चढताना डोकं जड होतं, की नातवाला शाळेतून आणताना भीती वाटते. मी फक्त एवढंच म्हणत होते, “म्हणजे नातवाबरोबर असताना काही व्हायला नको असं वाटतं.”

आणि मग ते आलं जे दोन वर्षांत मला माहीत नव्हतं. “गोळी मी घेतली होती ग. तू दुकानातून आणून ठेवलेली, बारा-पंधरा दिवस घेतली. पाय सुजले. चपलेचा पट्टा रुतायला लागला, तर मी सोडून दिली.”

अॅम्लोडिपिन ५! घोट्याला सूज हा त्या गोळीचा अगदी माहीत असलेला परिणाम आहे, मी रोज काउंटरवर लोकांना सांगते. आणि माझ्या घरात माणूस पट्टा सैल करून फिरत होता आणि मी त्याला अर्धांगवायूच्या गोष्टी सांगत होते. डॉक्टरांनी दुसऱ्या गटातली गोळी दिली, सूज नाही, प्रश्न मिटला. मिटला म्हणजे पहिले दोन महिने परत स्ट्रिप मोजावी लागली, पण मिटला.

लोकांच्या नकारामागे अंधश्रद्धा असते असं आपण धरून चालतो, पुष्कळदा मागे असा एखादा रुतलेला पट्टा असतो.

थोडक्यात कसं करायचं: आकडा विचारा, ‘कमी का नाही’ विचारा, जे ऐकलं ते आपल्या शब्दांत एकदा परत म्हणा, आणि शेवटी “मग काय करावं वाटतं?” विचारून तिथेच थांबा. त्या दिवशी काही ठरलं नाही तरी चालतं.

पायरी ४ : मन बदलायची वाट बघू नका, काम सोपं करा

हे इंदूरकरांना तरी समजवायला नको. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे कचऱ्याचं काय होतं आठवा, कोपऱ्यावर पेटी, पेटीच्या बाहेर ढीग, ढिगावर गायी. तेव्हा कोणाला विचारलं असतं तर प्रत्येकजण म्हणाला असता की स्वच्छता चांगली. मत तेव्हाही चांगलंच होतं! मग कोपऱ्यावरच्या पेट्या उचलल्या, गाडी दारात यायला लागली, गाणं वाजवत, ठरलेल्या वेळी. ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाला घ्यायचा नाही आणि शेजारीण बघत असायची. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला आणि मग येतच राहिला. आणि आता आमच्या सासूबाई पुण्याला गेल्या की तिथल्या लोकांना टाकून बोलतात, “काय बाई, केळीचं साल कागदात टाकता?” आधी हात बदलला, मग मन, मग अभिमान.

माणूस स्वतःला करताना बघतो आणि त्यावरून ठरवतो की आपण कशाचे लोक आहोत. म्हणून आधी पटवून मग करवून घेऊ असा आग्रह सोडा. घरात दारापर्यंत गाडी आणायचा अर्थ काय, तर बीपीचं मशीन कपाटात न ठेवता पेपराशेजारी ठेवा. रक्त तपासायला घरी येणारा माणूस बोलवा. सात खणांची गोळ्यांची डबी, ७०-८० रुपयात मिळते. इन्सुलिनला नाही म्हणणाऱ्याला आधी नुसता पेन हातात धरू द्या, सुई किती बारीक आहे ते बघू द्या, टोचायचं नाही. माणूस छोटं काम करायला हो म्हणाला की मोठ्याला हो म्हणायची शक्यता वाढते, हे १९६६ च्या फ्रीडमन आणि फ्रेझरच्या प्रयोगातही दिसलं होतं. सेल्समन लोकांना ते त्याच्याही आधीपासून माहिती असणार.

पायरी ५ : सांगणारा माणूस बदला

मी दुकानात सांगितलं की लोक मान डोलावतात, घरी सांगितलं की सून बोलतेय. तेच वाक्य, तीच मी. प्रत्येक घरात एक माणूस असतो ज्याचं ऐकलं जातं आणि तो बहुतेक वेळा डॉक्टर नसतो: गावची आत्या, भजनी मंडळातले काका, सकाळी बागेत बरोबर फिरणारा मित्र. त्याला गाठा, आणि लेक्चर द्यायला नका सांगू, “मी पण घेतो रे, काही होत नाही” एवढंच पुरे.

पोलिओचं उदाहरण मोठं आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात डोसाने मुलं नपुंसक होतात अशी अफवा होती, दारं बंद व्हायची. तिथे मोहल्ल्यातल्याच बायका दारोदार गेल्या, मशिदीतून इमामांनी सांगितलं, आणि मग दारं उघडली. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आणि आपल्या गावातलं कडू उदाहरण पण सांगायलाच पाहिजे. १ एप्रिल २०२० ला टाटपट्टी बाखल या मुस्लिम वस्तीत कोरोनाच्या तपासणीला गेलेल्या आरोग्याच्या टीमवर दगडफेक झाली. लॉकडाऊन, भीती, आणि फोनवर फिरणाऱ्या अफवा. त्या टीममधल्या दोन डॉक्टर बायका दुसऱ्या दिवशी परत त्याच वस्तीत कामाला गेल्या, हे लोकांना कमी आठवतं. जे आठवतं ते दगड, आणि दगडांवरून मग सगळी वस्तीच, सगळा समाजच. तेव्हा आमच्या काउंटरवर एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं, वर्षानुवर्षं दम्याचा पंप आमच्याकडूनच नेणारे चाचा, तर रांगेतले लोक दोन-दोन पावलं मागे सरकले. मास्क सगळ्यांनाच होता. मी पण पैसे घेताना हात जरा लांबच केला होता, आणि ते त्यांनी बघितलं. त्यानंतर चार महिने ते आले नाहीत. पंप दुसरीकडून घेतला की घेतलाच नाही, मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

पायरी ६ : फॅमिली ग्रुपवरचं फॉरवर्ड

पटकन सांगते. १९७७ मध्ये हॅशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एखादं वाक्य पुन्हापुन्हा ऐकलं की ते खरं वाटायला लागतं, मग ते खोटं का असेना. म्हणून “कारल्याच्या रसाने शुगर मुळापासून जाते हे खोटं आहे” असा उलट मेसेज ग्रुपवर टाकलात की कारल्याची जाहिरात अजून एकदा झाली. खरं काय ते आधी लिहा, खोट्याचा उल्लेख एकदाच, ते का चुकीचं ते एका ओळीत, परत खरं. आणि ज्या काकांनी टाकलं त्यांना ग्रुपवर नाही, वेगळा फोन करून सांगा. चाळीस नातेवाइकांसमोर कोणीही आपलं मत बदलत नसतं.

त्याहून चांगलं म्हणजे आधीच सांगून ठेवणं. टीबीच्या औषधात रिफॅम्पिसिन असतं, त्याने लघवी केशरी-लाल होते. हे न सांगता पाठवलं तर माणूस दुसऱ्या दिवशी रक्त जातंय समजून घाबरून औषध बंद करतो, शेजारी सांगतातच की बघ, गरम पडलं. आधी सांगून पाठवलं की तोच माणूस घरी म्हणतो, “हां, मैडम म्हणाली होती.”

पण साइड इफेक्टची यादीच वाचून दाखवू नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रास झाला म्हणून सोडलेल्या ६० लोकांवर इंग्लंडमध्ये अभ्यास झाला होता, २०२० मध्ये छापून आला. त्यांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने नकली, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीत जेवढा त्रास वाटला त्याच्या ९० टक्के नकली गोळीतही वाटला. त्रास खोटा नव्हता, पाय खरंच दुखत होते, पण बराचसा त्रास ‘गोळीने त्रास होणारच’ असं धरून बसण्यातून येत होता. मग अण्णांची सूज? ती डोळ्याला दिसत होती. म्हणून फरक करायचं काम डॉक्टरचं, आपण फक्त विचारायचं आणि लिहून ठेवायचं.

पायरी ७ : सिंकखालचा कप

आता अवघड भाग, कारण इथे पटवायचं स्वतःला असतं.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी ११ वर्षं होत्या. त्यांचा चहाचा कप वेगळा होता, स्टीलचा, कडेला चेपलेला, सिंकच्या खालच्या फळीवर पालथा. कोणी ठेवला माहीत नाही, मावशी आल्या तेव्हापासून तिथेच. मी कधी विचारलं नाही. मी, जी लोकांना विज्ञान सांगते.

मग मावशींना खोकला, तीन आठवडे झाले तरी जाईना, तपासल्यावर टीबी निघाला. घरात एकदम गडबड. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं कप वेगळा होता.” आणि मला त्या क्षणी कळलं की हा कप टीबीच्या ११ वर्षं आधीपासून वेगळा होता. आजार नंतर आला, वेगळेपण आधीपासून होतं, आणि आता आजाराने त्याला सर्टिफिकेट दिलं.

खरं असं आहे: फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, खोकला-शिंकेतून, बंद खोलीत जास्त. भांड्यातून, कपड्यातून, हात लावल्याने पसरत नाही. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. साधा टीबी साधारण सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट, वर निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिन्याला पैसे मिळतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००.

पण मावशी औषध बाहेरून विकत घ्यायला बघत होत्या, आणि ते पण आमच्या दुकानातून नाही. कारण सरकारी गोळ्या घ्यायला वस्तीतल्या लोकांसमोर उभं राहायचं. आणि टीबीची औषधं विकताना आम्हाला एच-वन रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहावं लागतं, कायदाच आहे, तर लोक काउंटरवर हळूच म्हणतात, “नाव नका लिहू ना ताई.” एवढी लाज. लाजेमुळे उशिरा तपासणी, उशिरा म्हणजे तोवर घरातल्या पोरांना लागण. पूर्वग्रहाने तब्येत बिघडते ती अशी बिघडते, त्यात तत्त्वज्ञान काही नाही. कुष्ठरोगाचं तर विचारूच नका, औषधाने पूर्ण बरा होणारा आजार, आणि २०१९ पर्यंत आपल्या कायद्यात तो घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेला होता.

आता काय करायचं ते. ऑलपोर्टने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात लिहिलं की नुसतं एकमेकांना भेटून पूर्वग्रह जात नाही, भेट बरोबरीची पाहिजे, काम एकत्र आणि एकाच हेतूचं पाहिजे, आणि घरातल्या किंवा संस्थेतल्या मोठ्या माणसाचा त्याला पाठिंबा पाहिजे. मावशी आमच्या घरात ११ वर्षं रोज दोन तास होत्या, याहून जास्त भेट काय असते? पण बरोबरीची नव्हती, म्हणून काही बदललं नाही.

आम्ही काय केलं: पहिले काही आठवडे पगारी सुट्टी, डॉक्टर म्हणाले तोपर्यंत. सरकारी केंद्रावर मी स्वतः बरोबर गेले, दोनदा. आणि मावशी परत आल्या त्या दिवशी अण्णांनीच चहा मागवला, ओट्यावर चार सारखे काचेचे कप, आणि म्हणाले, “बसा हो, खाली नाही, खुर्चीवर.” मोठ्या माणसाचा पाठिंबा म्हणतात तो हा. मावशी बसल्या पण चहा अर्धाच प्यायल्या, कप स्वतःच विसळला आणि सवयीने सिंकच्या खाली ठेवायला वाकल्या. ते बघवलं नाही. स्टीलच्या कपात आता मनीप्लांट आहे.

तुमच्या घरातला असा कप शोधा. कप नसेल तर बादली असेल, जिन्याखालची जागा असेल, एखादं वाक्य असेल. दुकानात माझा कप होता वर्तमानपत्र. सॅनिटरी पॅड मागितलं की हात आपोआप कागद फाडायचा, गुंडाळायचा, रबरबँड. म्हणजे लाज त्या मुलीला नव्हतीच, ती तिला मी पॅक करून देत होते. आता विचारते, “असंच देऊ की कागदात?” निम्म्या मुली म्हणतात, असंच द्या.

पायरी ८ : स्वतःच्या वयाबद्दलचा पूर्वग्रह

“आता या वयात काय करायचंय.” हे वाक्य ऐकलं की सोडून देऊ नका. बेका लेवी नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेत ओहायोमधल्या एका गावातल्या ६६० लोकांच्या नोंदी बघितल्या, पन्नाशीच्या पुढचे, वीसेक वर्षांच्या. म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत बरं होतं ते बाकीच्यांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. कारणं बरीच असतील, पण एक उघड आहे, ज्याला वाटतं आता सगळं संपलंच आहे तो गोळी कशाला घेईल. तेव्हा घरात “तुम्हाला नाही जमणार बाबा” हे वाक्य मोजा दिवसातून किती वेळा येतं ते.

कधी यातलं काही करू नये

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाहीये, बोलणं अडखळतंय: तिथे आकडा-बिकडा विचारत बसू नका, १०८ लावा किंवा रिक्षात घाला. कोणी जगायचं नाही असं बोलत असेल तर समजूत घालत बसू नका, थेट विचारा, एकटं सोडू नका, आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठी-हिंदी दोन्हीत बोलतात.

आणि सगळं जमतं असं नाही. सासूबाईंना कानाचं मशीन आणलंय, चांगलं महागाचं, डबीतच आहे. चष्मा चालतो, कवळी चालते, मशीन म्हणजे म्हातारी दिसते म्हणे. काल भाजी निवडताना आकडा विचारला. तीन म्हणाल्या. मागच्या महिन्यात दीड होता.